दोन नळ्यांचा डिंक आणि ऊन-पाऊस



उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची लहानमोठी दुरुस्ती निघते. त्या निमित्ताने आम्हाला दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवून पाहायला मिळाल्या. एक म्हणजे प्रयोगशाळेतील कपाटाच्या काचेवर चिकटवलेली मूठ. ती कित्येक वर्षांत जागची हललेली नाही. दुसरी म्हणजे धाब्यावरच्या पत्र्याला चिकटवलेली अॅल्युमिनियमची पट्टी. ती तीन पावसाळ्यांत सुटून हातात आली आणि कडेला बाहेर आलेला डिंक पिवळा पडला होता. दोन्हीकडे डिंक एकाच जातीचा, दोन नळ्या एकत्र करून लावायचा. आठवी-नववीच्या मुलांनी विचारले की माल एकच, मग एक टिकला आणि दुसरा का सुटला?

प्रश्न चांगला आहे, आणि तो फक्त मुलांच्या कामाचा नाही. पर्वत पाटिया, मगोब, गोडादरा या आपल्या भागात घरांच्या नेमप्लेट, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे, दर्शनी भिंतीवरच्या ग्रॅनाइटच्या पट्ट्या, धाब्यावरच्या टाकीचे पाइप, अशा कितीतरी ठिकाणी हा डिंक वापरलेला असतो. त्याखालून आपली मुले रोज जातात-येतात. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडत आहोत.

पहिल्यांदा हे पाहू की हा डिंक आहे तरी काय. बाजारात आपण त्याला अराल्डाइट म्हणतो, लांबीसारखा मळून लावायचा असेल तर एम-सील म्हणतो. ही कंपन्यांनी दिलेली नावे झाली. जातीचे नाव इपॉक्सी. एका नळीत इपॉक्सी राळ असते आणि दुसरीत हार्डनर. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिथे हार्डनरला ‘कठोरक’ म्हणत. शब्द जड आहे, पण काम नेमके सांगतो.) साधा डिंक किंवा सुताराचा पांढरा फेविकॉल पाणी उडून गेल्यावर वाळतो. इपॉक्सी वाळत नाही. दोन्ही द्रव्यांचे रेणू एकमेकांना हात देतात आणि सगळ्या बाजूंनी जाळे विणले जाते. विणकामातल्या पालकांना हे लवकर समजेल. कापडात ताणा आणि बाणा दोनच दिशांना असतात, इथे धागे तिन्ही दिशांना गुंततात आणि गाठी कायमच्या बसतात. म्हणूनच एकदा घट्ट झालेला इपॉक्सी पाण्यात विरघळत नाही आणि तापवला तरी मेणासारखा वितळत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली या रसायनतज्ज्ञांनी ही राळ १९३० ते १९५० च्या दरम्यान घडवली. कास्तान यांचे काम दातांच्या कवळ्यांसाठी चालले होते! पुढे सिबा कंपनीने ती १९४६ पासून अराल्डाइट नावाने विकायला काढली. आपल्याला विशेष वाटावे असे म्हणजे भारतात ही राळ बनवण्याचे एक जुने ठिकाण आपल्या शेजारीच आहे. मुंबईकडे जाताना वलसाडजवळ अतुल नावाचे गाव लागते. कस्तुरभाई लालभाई यांनी उभारलेल्या तिथल्या कारखान्याने सिबाबरोबर १९६० मध्ये सिबातुल ही कंपनी काढली. आजही अतुलमध्ये इपॉक्सी राळ तयार होते. अराल्डाइटचा भारतातला व्यवसाय २०२० मध्ये फेविकॉल आणि एम-सीलवाल्या पिडिलाइटकडे आला. त्यामुळे आता दुकानात या तिन्ही वस्तू एकाच घरच्या असतात, पण स्वभावाने त्या वेगळ्या आहेत.

आता मूळ प्रश्न. पाकिटावर लिहिलेली ताकद ही नवीन जोडाची, सावलीतली, कोरडी ताकद असते. बाहेर लावलेल्या जोडावर चार जण रोज काम करत असतात: उष्णता, पाणी, सूर्याचा प्रकाश आणि सतत टांगलेले वजन. यातला प्रकाश सगळ्यात आधी दिसतो, पण आमच्या मते तोच सगळ्यात कमी धोक्याचा आहे. सूर्यकिरणांतला अतिनील भाग राळेतल्या रेणूंना तोडतो. त्याने पृष्ठभाग पिवळा पडतो, मग खडूसारखी भुकटी सुटते आणि बारीक भेगा दिसतात. पण हे नुकसान वरच्या अगदी पातळ थरातच होते. दोन पत्र्यांच्या मध्ये असलेल्या डिंकाला ऊन दिसतच नाही. एक कडेचा भाग सोडला तर तो सुरक्षित असतो. काच किंवा पारदर्शक अॅक्रिलिक चिकटवले असेल तर मात्र ऊन आरपार जाऊन थेट जोडावर पडते. एरवी वरून रंगाचा एक हात दिला की पुष्कळ काम होते. थोडक्यात, पिवळा पडलेला जोड मेलाच असे नाही, आणि स्वच्छ दिसणारा जोड जिवंतच असेलही असे नाही.

उष्णतेचे गणित वेगळे आहे. प्रत्येक इपॉक्सीला एक ठरावीक तापमान असते. त्याच्या खाली तो काचेसारखा कडक राहतो, वर गेला की चामड्यासारखा नरम होतो. कारखान्यात भट्टीत तापवून पक्का केलेल्या इपॉक्सीत हे तापमान १०० अंशांच्याही वर नेता येते. घरी हाताने मिसळून लावलेल्या इपॉक्सीत ते साधारण ४५ ते ६० अंशांच्या आसपास असते. आता मे महिन्यात सुरतेच्या धाब्यावरचा पत्रा दुपारी हात लावून पाहा. हवा ४० अंश असली तरी काळा किंवा गडद रंगाचा पत्रा ६० च्या पुढे सहज जातो. म्हणजे रोज दुपारी दोन-तीन तास आपला डिंक नरम पडतो आणि रात्री पुन्हा कडक होतो. कपाटातल्या मुठीला हा त्रास कधी झालाच नाही.

त्यातच प्रत्येक पदार्थ तापल्यावर वेगळ्या प्रमाणात वाढतो. नववीच्या मुलांनी हे गणित वहीत करून पाहावे. १ मीटर लांबीची अॅल्युमिनियमची पट्टी ३० अंशांनी तापली तर सुमारे ०.७ मिलिमीटर वाढते. तेवढीच काच जेमतेम ०.२७ मिलिमीटर वाढते. दोन्ही एकमेकांना चिकटवले असतील तर मधला ०.४ मिलिमीटरचा फरक कोणी सोसायचा? मधल्या डिंकाने. तोही रोज, आणि वर्षाला ३६५ वेळा. म्हणून लांबच लांब पट्टी कडक इपॉक्सीने काचेवर चिकटवू नये. तिथे सिलिकॉनसारखा ताणला जाणारा पदार्थ बरा. छोट्या तुकड्यात हा फरक इतका लहान असतो की काही बिघडत नाही.

आणि आता पाणी. आपल्याकडे खरा शत्रू हाच आहे. इपॉक्सी पाण्यात विरघळत नाही, हे वर सांगितलेच. पण तो पाणी पितो. हळूहळू, वजनाच्या १ ते ५ टक्क्यांपर्यंत. हे पाणी जाळ्याच्या धाग्यांमध्ये शिरून त्यांना सैल करते आणि नरम पडण्याचे तापमान आणखी १०-२० अंशांनी खाली येते. जो डिंक कोरडा असताना ५५ अंशांवर नरम पडत होता, तो भिजल्यावर ४० वरच ढिला पडतो. जून-जुलैत दमट उकाडा असतो तेव्हा ही दोन्ही संकटे एकदमच येतात. नुसते ऊन किंवा नुसते पाणी जेवढे बिघडवत नाही, तेवढे दोघे मिळून बिघडवतात. पुढे ऊन पडले की डिंक वाळतो आणि त्याची बरीचशी ताकद परतही येते. तोपर्यंत ठीक.

परत न येणारे नुकसान डिंक आणि धातू यांच्या सीमेवर होते. लोखंड, अॅल्युमिनियम, काच, दगड या सगळ्यांना डिंकापेक्षा पाणी जास्त आवडते. सीमेपर्यंत पोहोचलेले पाणी डिंकाला बाजूला सारून स्वतः तिथे बसते. धातू असेल तर खाली गंज धरतो, गंज फुगतो आणि डिंकाला वर उचलतो. आमच्या धाब्यावरची पट्टी उलटी करून पाहिली तेव्हा डिंकाचा थर आख्खा, न मोडलेला, पत्र्यावरून सालीसारखा निघालेला होता. म्हणजे डिंक तुटला नव्हता, त्याची पकड गेली होती. असे सुटलेले काही दिसले तर हे जरूर तपासा. डिंक मधूनच फाटला असेल तर वजन जास्त झाले किंवा मिश्रण चुकले. साल निघाली असेल तर पृष्ठभाग नीट साफ केला नव्हता किंवा पाणी शिरले.

खाडीला पूर आला की आपल्या भागात खालच्या मजल्यांवर पाणी किती दिवस राहते हे कोणाला सांगायला नको. अशा वेळी पांढऱ्या डिंकाने केलेले सुतारकाम उकलते आणि इपॉक्सीने केलेले बहुधा तसेच दिसते. त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. पाणी ओसरल्यावर महिना-दोन महिने ते जोड हाताने हलवून पाहत राहावे.

सीमेवरच्या या पाण्याचे सगळ्यात गाजलेले उदाहरण आकाशातले आहे. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांत अलोहा एअरलाइन्सचे एक बोइंग ७३७ विमान २४ हजार फुटांवर असताना त्याच्या छताचा सुमारे १८ फूट लांबीचा भाग उडून गेला. एक हवाईसेविका बाहेर फेकली गेली आणि मरण पावली. वैमानिकांनी तशाच उघड्या विमानातून बाकी सर्वांना जमिनीवर आणले. विमान १९६९ चे होते. जवळच्या बेटांमध्ये छोट्या छोट्या फेऱ्या करत त्याने ८९ हजारांहून जास्त उड्डाणे केली होती, आणि तीही समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत. त्याच्या पत्र्यांचे जोड इपॉक्सीने चिकटवून वर रिव्हेट मारलेले होते. ठरवलेले असे होते की ताण डिंकाने पसरून घ्यायचा. पण त्या पद्धतीत डिंक थंड अवस्थेत लावत आणि लावतानाच त्यावर ओल धरण्याचा धोका असे. कुठे पकड कच्ची राहिली, तिथून पाणी आत गेले, गंज धरला आणि जोड सुटत गेला. मग सगळा ताण रिव्हेटच्या भोकांवर आला आणि तिथे भेगा पडत गेल्या. डिंक सुटला हे बाहेरून दिसले नाही, कारण रिव्हेट तर जागेवरच होते! या अपघातानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर कडक झाले.

चौथा जण म्हणजे टांगलेले वजन. इपॉक्सी कडक वाटला तरी सतत ओढला गेला तर फार सावकाश, महिन्यांनी-वर्षांनी, ताणत जातो. आज ५० किलो टांगून पाहिले आणि हलले नाही, म्हणून दहा वर्षे ५० किलो टिकेल असे होत नाही. १० जुलै २००६ रोजी अमेरिकेत बोस्टन शहराच्या एका भुयारी रस्त्यात छताचे सुमारे २६ टन काँक्रीटचे पाट मोटारीवर कोसळले आणि एक महिला ठार झाली. ते पाट ज्या बोल्टांवर टांगलेले होते, ते बोल्ट वरच्या काँक्रीटमध्ये इपॉक्सीने बसवले होते. चौकशीत असे निघाले की वापरलेला इपॉक्सी लवकर घट्ट होणाऱ्या जातीचा होता आणि तो सततच्या वजनाखाली ताणला जातो. तिथे ऊनही नव्हते, पाऊसही नव्हता. फक्त वजन आणि वेळ. ‘पाच मिनिटांत पक्का’ असे पाकिटावर वाचून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. झटपट जातीचे डिंक उष्णतेला आणि पाण्यालाही सहसा कमी टिकतात. घाई नसेल तर २४ तासांवालाच घ्यावा, आणि तोही पूर्ण ताकदीला यायला आठवडा लागतो असे धरावे.

मग मोठे इंजिनिअर लोक इपॉक्सी वापरतच नाहीत का? खूप वापरतात. मेट्रोच्या पुलांसारखे काँक्रीटचे तयार तुकडे जोडून बांधलेले पूल पाहा. तिथे तुकड्यांच्या मध्ये इपॉक्सी लावतात. पण पूल त्याच्यावर टांगत नाहीत. तुकड्यांतून पोलादी तारांचे जुडगे ओवून ते प्रचंड ताकदीने आवळतात. इपॉक्सीचे काम फट भरणे, तुकडे नीट बसवणे आणि पाणी आत जाऊ न देणे.

दुसरे उदाहरण आपल्या खानदेशातले. सुट्टीत धुळ्याकडे गावी जाताना साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. पवनचक्कीचे पाते आतून पोकळ असते. काचेचे धागे आणि राळ यांचे दोन अर्धे भाग करून ते एकमेकांना चिकटवतात. म्हणजे एवढे मोठे पाते डिंकाच्या जोडावरच उन्हा-पावसात फिरत असते! ते टिकते, कारण जोड रुंद असतो, कारखान्यात गरम करून पक्का केलेला असतो, वरून ऊन-पाणी अडवणारा रंग असतो आणि ठरावीक काळाने माणूस दोराला लटकून तपासणी करतो. तरीही वाऱ्यातल्या धुळीने आणि पावसाने पात्याची पुढची कड झिजतेच, आणि ती पुन्हा लेप देऊन दुरुस्त करावी लागते.

घरच्या वापराबद्दल आता थेट सांगतो. डोक्यावर येणारी कोणतीही जड वस्तू नुसत्या डिंकावर टांगू नये: ग्रॅनाइटची पट्टी, दगडाची नेमप्लेट, पाटीची मोठी अक्षरे, गॅलरीतली कुंडीची कडी. स्क्रू, बोल्ट किंवा क्लॅम्प मारावा आणि डिंक त्याच्या जोडीला असावा. छताच्या पंख्याच्या हुकाला तर डिंक दाखवूच नये. गॅसच्या नळीवर किंवा रेग्युलेटरच्या जोडावर एम-सील लावलेले आम्ही काही घरांत पाहिले आहे. हा जिवाशी खेळ आहे, नळी बदलावी. कुकरचा दांडा आणि तडकलेले हेल्मेट यांनाही तोच नियम. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून काही लावायचे असेल तर पाकिटावर तशी परवानगी लिहिलेली आहे का ते पाहावे, नसेल तर लावू नये.

जिथे लावायचे तिथे निम्मे काम डिंक उघडण्याआधीचे असते. जुना रंग, गंज, तेलकटपणा काढावा, काचपेपरने खरवडावे, धूळ पुसावी आणि पूर्ण कोरडे होऊ द्यावे. पावसाळी दिवशी हे काम काढू नये. दोन्ही नळ्यांचे प्रमाण पाकिटावर असेल तेच ठेवावे. हार्डनर जास्त घातला की लवकर आणि जास्त घट्ट होतो ही समजूत चुकीची आहे, उलट जाळे अर्धवट राहते आणि पाणी जास्त पिते. नळ्याही म्हाताऱ्या होतात. राळ साखरेसारखी दाणेदार झाली असेल तर नळी कोमट पाण्यात ठेवल्यावर बहुधा पूर्ववत होते. हार्डनरवर पांढरी साय किंवा खडे धरले असतील तर त्याने हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड घेतला आहे. तो फेकावा. हार्डनरने कातडीला खाज आणि चट्टे येऊ शकतात, म्हणून हातात प्लास्टिकची पिशवी घालूनच मळावे. लहान मुलांकडून हे काम करून घेऊ नये.

नववीच्या वर्गासाठी या सत्रात एक प्रयोग ठेवला आहे. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या आठ जोड्या, प्रत्येकी एक इंच एकमेकांवर ठेवून, शिक्षकांसमोर चिकटवायच्या. चार जोड्यांना आधी काचपेपर मारायचा, चार तशाच ठेवायच्या. आठवडाभर पक्क्या झाल्या की प्रत्येक प्रकारातली एक कपाटात, एक धाब्यावर, एक पाण्याच्या बाटलीत आणि एक मिठाच्या पाण्याच्या बाटलीत, तीही धाब्यावर. तीन महिन्यांनी हाताने पिळून कोणती आधी सुटते ते नोंदवायचे, आणि डिंक फाटला की साल निघाली तेही लिहायचे. याशिवाय नुसत्या डिंकाची ५ ग्रॅमची पातळ चकती करून महिनाभर पाण्यात ठेवायची. बाहेर काढल्यावर पुसून तिचे वजन करायचे. १ टक्का पाणी शिरले तर वजन ५० मिलिग्रॅमने, म्हणजे पाव कॅरेटने वाढेल. आपला घरगुती तराजू हे दाखवणार नाही. हिऱ्याच्या कामात असलेल्या पालकांपैकी कोणी आपल्या काट्यावर दोन वेळा वजन करून देऊ शकत असतील, तर त्यांनी विज्ञानाच्या शिक्षकांना कळवावे. पट्ट्या, डिंक आणि काचपेपर शाळेतून मिळेल. मुलांनी फक्त स्वच्छ प्लास्टिकची बाटली आणावी.